दोघांची भीती

उन्हाळा लागला की चंद्रपुरातल्या माझ्या खोलीत मोहाचा वास येतो. समोरच्या घरातली माणसं जंगलाकडच्या गावची. तिकडून आलेली मोहफुलं ती गच्चीवर वाळत घालतात. गोड, जडसर, किंचित आंबूस असा हा वास नवख्याला सोसवत नाही. मी औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढले. तिथं धुराखेरीज फारसं काही नाकाशी यायचं नाही, त्यामुळे मोहाशी माझी ओळख उशिरा, नोकरीत झाली. ज्या दोघांमुळे ती झाली, त्यांच्याचमुळे मी आज नवरा-बायकोला एकत्र बसवून बोलतं करण्याचं काम करते आहे.

मानसशास्त्र शिकून बाहेर पडले तेव्हा हे काम माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. गडचिरोलीच्या अंगाला, जंगलाच्या कडेशी असलेल्या एका सरकारी दवाखान्यात मला नोकरी मिळाली. एकेक माणूस समोर घ्यायचा आणि त्याचं दुःख त्याच्याच तोंडून ऐकायचं, एवढंच मी शिकले होते. थोडा अनुभव घेऊन पोरगी पुण्याला जाईल, असं वडिलांना वाटे, आणि खरं सांगायचं तर मलाही. दवाखान्यामागे साग होते. त्यांची मोठाली वाळकी पानं दुपारच्या वाऱ्यावर अंगणात खरखरत फिरायची. कोणी आलेलं नसलं की मी ती खरखर ऐकत बसायची, आणि पुणं फार लांब वाटायचं.

अशाच एका उन्हाळ्यात तो आला. धानाची थोडी शेती असलेला, अबोल माणूस. आदल्या हंगामात पहाटे वाकून मोहफुलं वेचत असताना वाघानं मागून त्याच्यावर झेप घेतली होती. पलीकडच्या झाडाखाली त्याची बायको फुलं वेचत होती. ती काठी घेऊन ओरडत धावली, आणि वाघ त्याला टाकून निघून गेला. खांद्याच्या जखमा भरल्या, पण तो उंबऱ्याबाहेर पडेना. झोपेतून दचकून उठे, पान वाजलं तरी घामानं भिजे. म्हणून डॉक्टरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. बायकोचा तोवर गावोगाव बोलबाला झाला होता. सत्कार झाले, फोटो निघाले. ती दर खेपेला त्याला घेऊन यायची आणि मांडीवर पिशवी धरून बाहेर व्हरांड्यात बसायची. आत तो मला वाघाविषयी सांगायचा: त्याचं वजन, त्याच्या श्वासाची ऊब. बायकोविषयी मात्र चकार शब्द नाही.

एकदा बोलणं संपत आलं असताना ती आपणहून आत आली.

"बाई, पुढच्या टायमाले यायले माहा दीर आणन," ती म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मी माहेरी चालली. आता तिथीच राहीन."

तो खाली बघत राहिला. मी तिला बसायला सांगितलं. ती बसली, आणि बोलली ती मात्र माझ्याशीच. "वाघानं सोडलं तवापासून हे माह्याशी बोलत नाई. बाईनं वाचवलं त्याची लाज वाटते यायले. लोकं हसते, म्हणून राग माह्यावर."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "लाज नाई वाटत मले." आणि पहिल्यांदाच तिच्याकडे वळून, "तू काऊन आली धावून? त्यानं मले सोडलं अन् तुह्याकडं पाह्यलं. मले दिसलं थे. मी तं गेलोच होतो. तुलेबी धरलं असतं त लेकरायले कोण होतं? तुह्याकडं पाह्यलं का थेच येते डोळ्यापुढं. म्हणून नाई पाहात मी."

तिचा चेहरा ताठ होता तो हळूहळू सैल झाला. "मलेबी झोप नाई येत," ती म्हणाली. "तवापासून काठीले हात नाई लावला. पण मी वाघाले पळवणारी बाई. मले भेव लागते हे सांगू कोणाले?"

त्यानं बऱ्या हातानं तिच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि आपल्या पायाशी ठेवली. "आज नको जाऊ," म्हणाला.

"मंग बोलसान माह्याशी?"

"बोलीन."

त्या दुपारी मला उमगलं, की इतके दिवस मी ज्या भीतीवर उपचार करत होते ती अर्धीच माझ्यासमोर येत होती. उरलेली अर्धी व्हरांड्यात बसून असायची. दोघंही आपापली भीती लपवायला गप्प होती, आणि त्या लपवण्यानंच संसार उसवत चालला होता. पुढे मी त्यांना जोडीनंच आत बोलावू लागले. कधी तो रुसे, कधी ती रडे. पावसाळ्याच्या तोंडावर तो शेतात उतरला, बायको बांधावर उभी असताना. जंगलात मात्र तो परत गेला नाही, आणि तिनंही आग्रह धरला नाही.

हे काम नीट शिकायचं मी ठरवलं, तेव्हा आमचे मोठे डॉक्टर मायेनं हसले. "आपल्या भागात नवरा-बायको शेजारी बसून मनातलं बोलतील असं वाटतं तुला?" मी म्हटलं, "बोलले ना, सर." मग सुटीच्या दिवसांत एसटीनं नागपूरला जाऊन शिकले, आणि शिकून झाल्यावर चंद्रपुरात ही खोली घेतली. पुण्याचा विषय वडिलांनी पुन्हा काढला नाही. इथं कारखान्यातले साहेब येतात, जिवतीच्या डोंगरातली शेतकरी जोडपी येतात. बहुतेक वेळा एकच जण आत येतो आणि दुसरं कोण सोबत आलंय, हे मी आधी विचारते.

मागच्या वर्षी ती दोघं आली होती, मुलीला इथल्या कॉलेजात घालायला. परतीची कोणती गाडी धरायची यावरून माझ्यासमोरच त्यांची जुंपली, आणि ते भांडण ऐकताना मला फार बरं वाटलं. निघताना मी तिला विचारलं, भीती गेली का.

"कायची जाते," ती म्हणाली. "पण आता रात्री भेव लागलं का यायले उठवते मी."

"रोज उठवते," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात, पण डोळे हसत होते.

ती दोघं गेल्यावर मी उगाच बसून राहिले. काळानं त्याच्या खांद्यावरचे वण फिके केले होते, मुलीला कॉलेजच्या दारापर्यंत आणलं होतं, माझ्याही केसांत पांढरं घातलं होतं. त्या एका पहाटेला मात्र काळाला हात लावता आला नव्हता. ती पहाट त्या दोघांच्यामध्ये जशीच्या तशी उरली होती, आणि तिच्यासकट ती दोघं सुखानं नांदत होती.