काच काढायची वेळ

परंज्योतीला काच कधी काढायची ते कळायचं. आमच्या कोळत्तूरच्या गल्लीत मासे पैदा करणारी तीसेक घरं, पण फ्लॉवरहॉर्नची जोडी लावायची म्हटली की भलेभले मिशीवाले तिच्या दाराशी यायचे.

फ्लॉवरहॉर्न म्हणजे कपाळावर टेंगूळ असलेला वीतभर लाल मासा. टेंगूळ जितकं मोठं तितकी घरात बरकत, असं गिऱ्हाईक समजतं, आणि आम्ही कशाला नाही म्हणू? पण नर असा खुनशी की स्वतःची मादीही त्याला टाकीत खपत नाही. म्हणून मध्ये काच घालून दोघांना शेजारी ठेवायचं आणि मादी अंड्यांवर आली की काच काढायची. एक दिवस घाई झाली तर मादी मेली, एक दिवस उशीर झाला तर अंडी गेली. परंज्योती टाकीसमोर उकिडवी बसायची, शेवग्याची शेंग चोखत बघत राहायची आणि अचानक म्हणायची, "चला, काढा." कधी चुकली नाही.

काच काढायच्या आधी ती टाकीत पाच-सहा झेब्रे सोडायची. बोटाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, भारी चपळ. नर त्यांच्या मागे लागायचा, धावून धावून दमायचा, आणि मादीला तेवढी उसंत मिळायची. अंडी होईपर्यंत दोन-तीन झेब्रे संपायचे, उरलेल्यांच्या शेपट्या फाटायच्या. गल्लीत त्यांना मारखाऊच म्हणत.

मी समोरच्या दुकानात पंप आणि माशांचं खाद्य विकते. नवरा गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत एकटीच राहते, आणि 'आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून' हा माझा जन्मजात उद्योग. त्यामुळे समोरच्या घरातलं मला दिसायचं. परंज्योती अडतीस वर्षांची, बिनलग्नाची, भावाच्या घरी राहणारी. भाऊ तणिकाचलम गल्लीत मान खाली घालून चालणारा, माशाला हात लावताना लोण्याहून मऊ. त्याची बायको कनकवल्ली आणि आठ वर्षांची मुलगी ओविया. अकरा वर्षांत त्यानं बायकोवर हात उगारला नाही. सगळी गल्ली म्हणायची, तळहाताच्या फोडासारखं जपतो.

आणि परंज्योती ऐन मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालायची. दिवसभर टाकीत हात, बाह्या चिंब, तरी कधी वर सारायची नाही. हसताना तोंडावर हात धरायची, कारण पुढचा एक दात अर्धाच होता. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "नळावर आपटले, अक्का." त्या घरातला नळ फार वाईट होता. एखादी अंड्यांची खेप वाया गेली की ती हमखास त्यावर आपटायची.

म्हणून मी तिच्यासाठी स्थळं आणायला लागले. पहिली दोन न बघताच फिरली, का ते कळलं नाही. तिसरा पोन्नेरीचा वीरमणी. बायको वारलेली, कोळंबीच्या तळ्यावर नोकरी, माणूस सरळ. तिचा फोटो बघून एवढंच म्हणाला, "या बाई हसत का नाहीत?" मला तिथेच तो आवडला. शुक्रवारी बघायला यायचं ठरलं.

"काय गं, जाशील ना?" मी विचारलं.

"बघू."

"बघू काय? इथं दात मोजत बसणार आहेस का?"

ती हसली, तोंडावर हात धरून. हो म्हणाली नाही.

मंगळवारी ती रेशनच्या दुकानात गेली. जाताना म्हणाली, "अक्का, ओसरीतल्या टाकीवर नजर ठेवा. आजच काच काढली आहे. नुसतं बघा, हात घालू नका."

दोन वर्षं वाढवलेली मादी होती ती, तणिकाचलमचा जीव तिच्यात. मी स्टूल ओढून बसले. नर झेब्र्यांना झोडपत होता. तीनच उरले होते. एकाची शेपूट अर्धी गेली होती, तरी तो बिचारा कोपऱ्यातून निघायचा, मार खायचा, परत कोपऱ्यात. माझ्यानं बघवेना. जाळी घेतली आणि तिघांना उचलून मगात टाकलं. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला. मग दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून मी गेले.

तासाभरानं आले तर मादी पालथी तरंगत होती. एक डोळा नव्हता. नर शांतपणे टाकीच्या मधोमध उभा होता.

परंज्योती आली, तिनं टाकी पाहिली, नंतर मगातले झेब्रे पाहिले. काही बोलायच्या आत तणिकाचलमची मोटारसायकल दारात थांबली.

"झेब्रे कोणी काढले?" त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"मी," परंज्योती म्हणाली.

त्यानं माझ्याकडे बघून हात जोडले. "अक्का, तुम्ही या आता." मी निघाले. मागे दार लागलं. मी दुकानात मूग गिळून बसले आणि समोरून जे ऐकू यायचं ते ऐकू आलं. ती लाज अजून माझ्या अंगावरून उतरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. एक कान सुजला होता. मी रडायला लागले, तर मलाच म्हणाली, "गप्प बसा. तुम्हाला एक विचारू? नर इतके दिवस मादीला सुखानं का राहू देतो, तुम्हाला काय वाटलं?" मग समोरच्या स्वयंपाकघराकडे बघत राहिली. तिथं कनकवल्ली ओवियाची वेणी घालत होती. "तुमचं स्थळ चांगलं आहे, अक्का. पण मी गेले तर या घरात कोण?"

लहान मासे उचलून मगात टाकणं किती सोपं होतं.

गुरुवारी दुपारी वीरमणीचा फोन आला. कोणा बाईनं त्याला कळवलं होतं की मुलीला फिट येतात. येऊ की नको, तो विचारत होता. बाई कोण ते मला लगेच कळलं. मी तरातरा समोर गेले. कनकवल्ली परसात मत्तीचे मासे साफ करत बसली होती.

"फोन तू केलास?"

"हो." तिनं माशाचं डोकं उडवलं. "आधीचे दोनही मीच केले."

"लाज नाही वाटत? तुझ्या वाटणीचा मार खाते ती!"

"माहीत आहे. म्हणून तर माशाचा मधला तुकडा तिला वाढते, रोज केसांना तेल लावते." सुरी थांबली. "मला मुलगी आहे, अक्का. परवा तिनं बापाला उलट उत्तर दिलं. तो तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होता ना, ती मी टाकीत रोज बघते. आणि परवा झेब्रे कोणी काढले, तेही मी खिडकीतून बघितलं. मी बोलले का? मग तुम्हीही बोलू नका."

मला तिचा संताप आला आणि तिची भीतीही वाटली. पण ती म्हणाली ते खरं होतं.

मागच्या दारात परंज्योती उभी होती. कधीची, कोण जाणे. हातातली जाळी तिनं खुंटीला अडकवली, मग नळावर हात धुतले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर ओल्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. आम्ही दोघींनी बघितलं. नवे डाग होते, जुने होते.

"पोन्नेरीला जाते," ती म्हणाली. "मला फिट येतात का, ते त्यांनी स्वतःच बघावं."

"परंज्योती, असं नको करूस," कनकवल्ली उठली. खवल्यांनी माखलेल्या हातांनी तिनं तिचा पदर धरला. "निदान ओवियाकडे बघ."

"इतकी वर्षं तिच्याकडेच बघितलं, वहिनी." परंज्योतीनं पदर हळूच सोडवून घेतला. "अण्णा सहाला येतो. काच घालायची असेल तर आत्ताच घाल."

पायात चपला, हातात एक पिशवी. बस थांब्याकडे जाताना तिनं वळून बघितलं नाही. मी घड्याळ पाहिलं, पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुकानात येऊन मी उगाच खाद्याची पाकिटं लावत बसले. समोर काही हालचाल नव्हती. पावणेसहाला कनकवल्ली ओवियाचा हात धरून रस्ता ओलांडून आली. पायात चपला नव्हत्या, हाताला मत्तीचा वास तसाच.

"अक्का," ती म्हणाली. आणि तिनं ओवियाला माझ्याकडे पुढे केलं.

गल्लीच्या टोकाला मोटारसायकल वळल्याचा आवाज आला. दोन दिवसांपूर्वी मी याच आवाजाला मान खाली घालून निघून गेले होते. मी दोघींना आत ओढलं, शटर खाली घेतलं आणि आतून कुलूप घातलं. ओवियाला पंपांच्या खोक्यांमागे बसवलं.

मोटारसायकल समोर थांबली. त्यांचं दार उघडलं. तो घरातल्या खोल्या बघत असावा. मग रस्ता ओलांडणारी पावलं आली, अगदी सावकाश.

"अक्का," शटरबाहेरून मऊ आवाज आला, "आमची माणसं तुमच्याकडे आहेत का?"

कनकवल्लीनं माझा दंड घट्ट धरला. मी शटरला पाठ लावून उभी राहिले.

"आहेत," मी म्हणाले. "आणि इथंच राहणार."

मग शटरवर पहिला दणका बसला.