हायड्रोवाल्या वनिताताई

मशीनला हात लावायच्या आधी वनिताताई त्याची किल्ली काढून घ्यायच्या. पाणी, चहा, मशीनला काय झालंय याची चौकशी, सगळं नंतर. किल्ली कमरेच्या पिशवीत गेली की मग त्या म्हणायच्या, "हां, आता बोला."

मी तेव्हा वैशाखऱ्याजवळच्या एका बंगल्यावर मॅनेजर होतो. मालक मुंबईचे, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. बंगला उंचावर, आणि पुढचं लॉन चांगलंच उतरतं. खाली टोकाला दगडी गडगा, दगड रचून केलेली बुटकी भिंत. गवत कापायला शेठनी बसून चालवायचं मशीन आणलं होतं, छोट्या ट्रॅक्टरसारखं. ते चढावर दम सोडायला लागलं. मुरबाडचे दोन ट्रॅक्टर मेकॅनिक आले, खाली वाकून बघितलं आणि "साहेब, याला गिअरबॉक्सच नाय," म्हणून निघून गेले. मग कुणीतरी किन्हवलीच्या वनिताताईंचा नंबर दिला. स्कूटरवरून पन्नाशीची बाई उतरली, तेव्हा मागून कुणी पुरुष येतोय का ते मी बघत राहिलो. त्यांच्या ते लक्षात आलं.

"भाऊ, मीच हाय," त्या म्हणाल्या. "किल्ली द्या."

मुरबाडच्या एमआयडीसीत तेलाच्या दाबावर चालणारे पंप बनवणारी एक कंपनी होती. तिथं वनिताताई अठरा-एकोणीस वर्षं जोडणी खात्यात होत्या. कंपनी बंद पडली आणि त्याच सुमाराला माळशेजच्या रस्त्याला बंगले उठायला लागले. बंगल्यांबरोबर लॉन आलं, लॉनबरोबर ही मशीनं. मशीनच्या पोटात तोच पंप होता, जो वनिताताईंनी हजारो वेळा हातानं जोडला होता. बंगल्यांवरची माणसं या यंत्रणेला 'हायड्रो' म्हणायची, म्हणून त्या हायड्रोवाल्या ताई झाल्या.

मला त्यांनी एका वाक्यात समजावलं होतं. "यात लोखंड नुसतं बघायला हाय, ओढतं ते तेल." इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या जोरावर चाकं फिरतात. एक पेडल दाबलं की मशीन पुढं जातं, त्याच्या शेजारचं दाबलं की मागं, पाय उचलला की थांबतं. पण तेल जुनं झालं, पंपावरचा पंखा मोडला, आजूबाजूला गवताचा भुसा साचला, की तेल तापतं. "तापलं का पाण्यासारखं पातळ होतं बगा. मग सपाटीला चालंल, चढाला धरणार नाय."

पंप उघडला की त्या अंगणात झाडू मारू द्यायच्या नाहीत. पांढरं सुती फडकं अंथरून त्यावर एकेक भाग मांडायच्या. नवं तेल भरल्यावर मागची चाकं उचलून ठेवायच्या आणि आत अडकलेली हवा निघेपर्यंत पेडल पुढं-मागं करत राहायच्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानाला. मशीन चालवणारा आमचा माळी काळूराम शेजारी उभा असायचा. त्यालाही त्या ऐकायला लावायच्या. "रडतंय का ते? मग आत हवा हाय. गप झालं का समजायचं, पोट साफ झालं." मी एकदा घाई केली तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, मशीनला तुमचा टाइम कळत नाय."

दोन वर्षं सगळं नीट चाललं. मग गेल्या पावसाळ्याअखेरीस मशीन पुन्हा चढावर घसरायला लागलं. वनिताताई सोमवारी आल्या. या वेळी त्यांनी पंप उघडला नाही, नुसतं तेल बोटावर घेऊन वास घेतला. जळका वास होता. मग ब्रेक दाबून मशीन हातानं ढकललं. ते हललं.

"पंखा गेलाय. आतली चकती घासलीय. आन् ब्रेक तर नायच," त्या म्हणाल्या. "सामान मागवते. शुक्रवारी येते. तवर याला कुणी हात लावायचा नाय." किल्ली त्यांच्याच पिशवीत राहिली.

शनिवारी बंगल्यावर शेठच्या मुलीचा साखरपुडा होता. बुधवारी रात्री शेठचा फोन आला. मांडववाले शुक्रवारी सकाळी येणार, त्याआधी लॉन कापलेलं हवं. मी मशीन बंद असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मला कारणं नकोत. तुला कशाला ठेवलंय मग?"

दुसरी किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती.

गुरुवारी सकाळी मी ती काळूरामला दिली. तो घुटमळला. "ताई नको बोलल्यात, साहेब."

"ताईंशी मी बोललोय," मी म्हणालो. "वरचं-वरचं काप, हळू ने. काही होत नाही."

मी बोललो नव्हतो. त्या नाही म्हणतील हे माहीत होतं, म्हणूनच फोन केला नव्हता.

तासभर काही झालं नाही. वरची सपाटी कापून झाली. मग काळूराम उतारावर गेला. खाली जाऊन तोंड वळवून वर यायचा. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी मशीन चढाच्या मध्यावर रेंगाळलं. इंजिनाचा आवाज तसाच होता, पण चाकं जागेवर होती. मी ओसरीतून बघत होतो. तरी मी हाक मारली नाही. अजून दहा हात चढलं की वर येईल, असं वाटत होतं.

नेमकी तेव्हाच फाटकातून स्कूटर आत आली. सामान एक दिवस आधी मिळालं म्हणून वनिताताई गुरुवारीच निघाल्या होत्या. त्यांनी मशीन बघितलं नाही, आधी ऐकलं. स्कूटर तशीच टाकली आणि हेल्मेटसकट धावत सुटल्या.

मशीन मागं यायला लागलं होतं. आधी वीतभर, मग हातभर. काळूराम ब्रेकवर उभा राहिल्यासारखा पाय दाबत होता. मशीन थांबत नव्हतं.

"काळूराम, हँडल वळवू नको! उलटशील!" वनिताताई ओरडल्या. तो उठायला लागला. "उडी नको रे! पाती बंद कर आधी! पाती!"

मशीनखाली गवत कापणारी पाती गरगर फिरत होती. त्या उतारावर पाय घसरून तो पात्यांखाली गेला असता. काळूरामनं चाचपडत दांडा ओढला. पात्यांची घरघर थांबली. तोवर मशीननं वेग घेतला होता. ते सरळ मागं गेलं आणि गडग्यावर आदळलं. टेकू द्यायला मागं काढलेला काळूरामचा डावा पाय मशीन आणि दगडांच्या मधे सापडला.

मी पोचलो तेव्हा वनिताताईंनी इंजिन बंद करून चाकाखाली दगड लावला होता. आम्ही दोघांनी मशीन रेटून पाय मोकळा केला. काळूराम दोन्ही हातांनी गवत धरून पडला होता. त्याच्या पायाला फळी बांधताना वनिताताईंची नजर पुन्हा मशीनला लावलेल्या किल्लीकडे गेली. त्यांनी ती काढली, पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "गाडी काढा, भाऊ."

दवाखान्यातून मी शेठना फोनवर सांगितलं, मशीन अचानक मागं आलं.

"ती बाईच रिपेअर करत होती ना? तिला पुन्हा पाऊल टाकू देऊ नकोस."

मी म्हणालो, "हो."

त्या एका 'हो'नं काय केलं, ते मला चार दिवसांत कळलं. शेठनी बंगलेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, ताईंच्या कामामुळं अपघात झाला. शेजारच्या बंगल्याचा मॅनेजर मला म्हणाला, आम्हीपण बाईला बंद केलं. वनिताताईंचा फोन येईल, त्या भांडतील, याची मी वाट बघत होतो. फोन आला नाही. मला जेवण जाईना. पाचव्या दिवशी मी मोटरसायकल काढली आणि किन्हवलीला गेलो.

त्या ओटीवर पांढऱ्या फडक्यापाशी बसल्या होत्या. आमच्या मशीनचा पंप उघडलेला होता. साखरपुड्याच्या गडबडीत त्या कधी येऊन तो काढून घेऊन गेल्या, मला पत्ता नव्हता. त्यांनी मला एक गोल चकती दाखवली. तिच्यावर नखानं ओरबाडल्यासारखे चरे होते.

"इथून तेल निसटत व्हतं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "ताई, मी शेठना..."

"ठाऊक हाय." त्यांनी चकती खाली ठेवली. "दोन किल्ल्या असतात, हे मला ठाऊक व्हतं. दुसरी मागून घ्यायला पायजे व्हती. तेवढं माझं चुकलं, भाऊ. बाकीचं तुमचं."

त्यांनी आवाज चढवला असता तर मी काहीतरी उलट बोललो असतो. पण स्वतःच्या वाट्याचं त्यांनी आधीच उचललं होतं, आणि माझ्यापुढं माझं तेवढं उरलं होतं. मी तिथंच ओटीवर उभं राहून शेठना फोन लावला. ताईंनी मशीन चालवू नका म्हणून सांगितलं होतं, दुसरी किल्ली मी दिली, काळूरामशीही खोटं बोललो, सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "महिनाअखेरीला दुसरीकडे बघ." मी बरं म्हणालो. ग्रुपवर खरं काय ते लिहायची विनंतीही केली, आणि त्यांनी दोन दिवसांनी ते लिहिलं, हे सांगायला हवं. वनिताताईंना काही बंगल्यांनी परत बोलावलं, काहींनी नाही.

फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटलं. वनिताताई हात धूत होत्या.

"आन् काळूरामला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

ते मला सुचलंच नव्हतं.

"चला मग. डोळखांबच्या अंगाला पाडा हाय त्याचा. मागं बसा."

काळूराम खाटेवर पडून होता. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. मला बघून तो उठायला धडपडला. "साहेब, माझं चुकलं," तो घाईघाईनं म्हणाला. "ब्रेक समजून मी मागं जायच्या पेडलवर पाय दिला असंल. शेठचं मशीन फोडलं मी."

दवाखान्यात तो हेच पुटपुटत होता. मी ते ऐकलं होतं, आणि मला ते सोयीचं वाटलं होतं.

मी खाली जमिनीवर बसलो आणि सांगितलं. ब्रेक मोडलेला होता, ते मला माहीत होतं. ताईंशी मी बोललोच नव्हतो. काळूराम माझ्याकडे बघत राहिला. दारात उभी असलेली त्याची बायको, सगुणा, आधी बोलली. "पाच दिस झोपला नाय तो. डोळा लागला का पाय हलवतो, ह्ये पेडल का त्ये बगत बसतो. तुमाला एक दिस यायला झालं नाय?"



काळूरामनं मान वळवली. "खरं का गो, ताई? माझा पाय बरोबर पडला व्हता?"

"बरोबर पडला व्हता," वनिताताई म्हणाल्या. "पेडल मी बघितलंय, दाबून दाबून वाकवलंस तू. ब्रेकच नव्हता रे. आन् पाती वेळेवर बंद केलीस, म्हणून पाय हाय."

हाताच्या पंजानं त्यानं तोंड पुसलं आणि भिंतीकडे वळला. सगुणानं कोरा चहा केला. वनिताताई तिला प्लास्टर कधी निघणार, दवाखान्यात पुन्हा कधी न्यायचं ते विचारत होत्या. मी कप हातात धरून बसलो होतो. थोड्या वेळानं खाटेवरून संथ श्वासाचा आवाज यायला लागला.

वनिताताईंनी बोलणं मधेच थांबवलं. कान देऊन ऐकलं आणि मला हातानं उठायची खूण केली. बाहेर येऊन त्यांनी स्कूटर स्टँडवरून अलगद उतरवली. ती चालू करायला मी किल्लीकडे हात नेला, तर त्यांनी मान हलवली. "इथं नको. जागा होईल." शेवटचं घर मागं पडेपर्यंत आम्ही ती दोन्ही बाजूंनी ढकलत नेली.