मोठी कंपनी बिल थकवत नाही म्हणे!

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

शेजारच्या काकूंचे जावई आज आमच्याकडे कर्वेनगरला आले. हिला शाळेतून निवृत्त होताना मिळालेले पैसे ते ज्या अ‍ॅपचं काम करतात त्यावर गुंतवा म्हणाले. छोट्या पुरवठादाराला त्याच्या बिलाचे पैसे आपण आधी द्यायचे. मग मोठी कंपनी बिल भरते आणि आपल्याला व्याजासकट परत मिळतात.

"काका, धोका शून्य! ही कंपनी बघा, केवढी मोठी आहे."

मोबाइलवरचं नाव वाचून मला हसूच आलं. माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. याच कंपनीला मी खोकी पुरवतो. गेल्या दिवाळीपासून माझं बिल तिथे 'साहेबांच्या सहीसाठी' पडून आहे.

मी विचारलं, "त्यांनी नाही भरलं, तर पैसे अ‍ॅप देणार का?"

"नाही हो, ती रिस्क गुंतवणूकदाराची. अटींमध्ये स्पष्ट लिहिलंय."

"अच्छा! म्हणजे धोका शून्य आहे तो तुम्हाला."

चहा अर्धा टाकून उठले.

तुम्हालाही कुणी असं अ‍ॅप दाखवलंय का? हौस असेल तर जरूर पैसे घाला. फक्त त्या कंपनीच्या अकाउंट्स खात्यासमोर रांगेत माझ्या मागे उभे राहा. माझा नंबर आधीचा आहे.