बानूबाईच्या दारचं अळू

बानूबाईनं गावच्या पाइपलाइनला चोरून जोड दिलाय, असं मी ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकलं. सोबत तिच्या दारच्या हिरव्यागार अळूचा फोटो. जुन्नरच्या कॉलेजात शिकलोय. पुराव्याशिवाय बोलत नाही.

डिंगोऱ्यात एप्रिलमध्ये पाणी दोन दिवसांआड सुटतं. आमच्या दारचा कढीपत्तासुद्धा वाळलेला. आणि भिंतीपलीकडे ही एकटी बाई, घरात हंडे दोनच, तरी अळू, दोडका, चार कोंबड्या. आई म्हणायची, "सरळ मार्गानं अळू येत न्हाई."

बानूबाईचा जन्म मेंढरांमागं गेला. नवरा जानकू असेपर्यंत दिवाळी झाली की माळशेज घाट उतरून कोकणात. एका हंड्यात दिवस काढायची सवय तिथली. तांदळाचं धुवण भांड्यांना, भांड्यांचं कोंबड्यांना. दिवा लावायचा तो बसल्या खोलीत, एकच. आमच्याकडे टीव्ही बघायला कोणी नसतं, तेव्हा पंखा त्याला वारा घालतो. बादलीतलं हीटरचं कॉइल चहा होईस्तोवर तसंच चालू. म्हणून तर शंका बळावली: एवढं राखून वापरणारीनं नक्कीच काहीतरी दडवलंय.

सकाळी पाणी सोडून पंचायतीचा पाणीवाला बहिरू कुदळ घेऊन आला. जोड सापडला तर नळ कायमचा तोडायचा, असं ठरलेलं.

बानूबाई उंबऱ्यात उभी. "बहिरूभाऊ, नळ तोडला तर या गुडघ्यांनी मी नदी गाठू व्हय?"

"मी काय करू मावशी? तक्रार हाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये.

अळूखाली उकरलं. पाइप नाही, नुसती ओल. ओलीच्या मागानं खणत बहिरू थेट आमच्या भिंतीपाशी पोचला. तेवढ्यात आमच्या नळाला पाणी आलं आणि आईची हाक घुमली, "ताजं आलं गं वृषाली, शिळं ओत!" माझ्या बहिणीनं मागच्या पाण्याचे तीन भरलेले हंडे मोरीत रिकामे केले. भिंतीखालून बहिरूच्या चपला भिजल्या.

"गोरखशेठ," बहिरू म्हणाला, "चोर घावला. तुमची मोरी!"

नळ वाचला. मी म्हटलं, "मावशी, आधीच सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुज्या आयनं वतायचं थांबवलं असतं."

ग्रुपवरचा फोटो मी काढून टाकला. चूक झाली, एवढं लिहायचं तेवढं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं डबाभर अळूवड्या धाडल्या. आईनं झाकण उघडून वास घेतला. "एवढं होऊन वड्या? काहीतरी डाव हाय." मग आम्ही तो डाव संपवला, एकही वडी न ठेवता.

आता शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. आई साखर घालायला घेते आणि थांबते. "साखर घातली तर आपून चुकलो असं व्हईल." महिना झाला. बानूबाई मागत नाही, म्हणून तर आईला जास्तच संशय. डबा आमच्याच फळीवर.