साडेपाच तासांची चूक

इंगोले दीदींना कोणी वेळ सांगितली, की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कोणच्या घडीतला टाइम?" तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या इस्पितळात प्रत्येक मजल्यावरचं घड्याळ वेगळं चालायचं, आणि जन्ममृत्यूच्या नोंदी दीदींकडे होत्या. पत्रिकेसाठी जन्मवेळ मागायला येणाऱ्यांना त्या वेळेसोबत घड्याळही सांगत. आम्ही हसायचो. त्या गेल्या त्याला आता वर्ष होईल.

जुन्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी नव्या प्रणालीत चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. तारीख आणि वेळ मिळून चौदा आकडे सलग, मध्ये ना टिंब ना रेघ. ते फोडण्यात तीन आठवडे गेले. दीदी रोज पोळी अन् मुनग्याची, म्हणजे शेवग्याच्या शेंगांची, भाजी पुढे सरकवून म्हणायच्या, "आधी खाय. आकडे कुठी पळून नाई राहिले." मी वैतागून खायचो. मला फक्त ते काम संपायला हवं होतं.

शेवटी नव्या प्रणालीने सात नोंदी नाकारल्या. कारण, मृत्यू जन्माच्या आधी. साहेब म्हणाले, "हटा दो. बरसों पुराने हैं, कौन पूछेगा?" खरं सांगतो, मला हायसं वाटलं. वगळायच्या नोंदींवर दीदींची सही लागे, म्हणून यादी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. मुलगी, नाव नाही. आईच्या रकान्यात दीदींचं नाव होतं.

"संध्याकाळी सहा चाळीसले झाली, भैया. नऊ वाजता गेली. अन् हे मशीन म्हणून राहिलं का झालीच नाई?" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कोणच्या घडीतला टाइम धरला तू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुनी वेळ आपल्या घड्याळाची. नव्या प्रणालीने ती लंडनची समजून साडेपाच तास पुढे ढकलली होती. संध्याकाळचा जन्म दुसऱ्या दिवशी गेला. मृत्यूची नुसती तारीख होती, ती जागच्या जागी राहिली. म्हणजे सातच नव्हे, सगळ्याच जन्मवेळा चुकल्या होत्या. मला फार लाज वाटली.

साहेबांची बोलणी खाऊन मी सगळं पुन्हा चढवलं. या खेपेला एकही नोंद नाकारली गेली नाही. दीदींनी ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. जन्म, सहा चाळीस. मृत्यू, त्याच तारखेला.

"हव," त्या म्हणाल्या. "होती माही पोट्टी."

मग डबा उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवला.