घरटी एक माणूस

आमचे हे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आले ते एकोणीसशे एकोणपन्नास साली. गाव त्यांना हरेश्वरभाऊ म्हणायचं. मी नाव घेत नाही, ते गेल्यावरही जिभेवर येत नाही. बोलायला बसले म्हणजे कोणाला वाटेल, म्हातारी आता नवऱ्याचे गोडवे गाणार. गाईन की, गोडवेही गाईन. माणूस सोन्यासारखा होता. पण त्या सोन्यासारख्या माणसानं गावाचं नुकसान केलं आणि त्यात माझाही हात होता, हे कोणीतरी सांगायला नको का?

बेचाळीसला ते आठ महिने तुरुंगात होते. बाहेर आले ते अंगानं निम्मे आणि बोलण्यात दुप्पट होऊन. भुईगावात आमची केळीची बाग. सकाळी रहाटाला बैल जुंपायचे, दिवसभर शिंपणं करायचं आणि संध्याकाळी सभा. बोलायचे असे की ख्रिस्ती आळीतल्या बायकासुद्धा चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना सुटल्यावर घरी न जाता ऐकत उभ्या राहायच्या. लबाडी अंगात नव्हती. लबाड असते तर बरं झालं असतं, असं पुढं मला कितीदा वाटलं. लबाडाचं बोलणं लोक इतकं मनावर घेत नाहीत.

आधी बांधाचं सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. बागांच्या पलीकडं, खाडीच्या अंगाला आमची भाताची खाचरं होती, सत्तर घरांची मिळून. खारं पाणी आत शिरू नये म्हणून मातीचा पाऊण मैल बांध, कोणाच्या खापरपणज्यानं घातलेला कोणास ठाऊक. माती ती, झिजायची. खेकडे बिळं पाडायचे. म्हणून वैशाखाच्या अमावास्येला, ओहोटी लांबवर जाते तेव्हा, तीन दिवस घरटी एक माणूस बांधावर जायचा. हिंदू असो की ख्रिस्ती. एका टोकाला नारळ फुटायचा, दुसऱ्या टोकाला पाद्री येऊन पवित्र पाणी शिंपडायचे. मग रांग लावून चिखलाची घमेली हातोहात पुढं जायची. ज्याच्या घरचा माणूस आला नाही, त्याला बांधाच्या पाणी सोडायच्या दाराशी सापडणाऱ्या मासळीत वर्षभर वाटा नाही, एवढीच शिक्षा. ती कोणाला झाल्याचं मला आठवत नाही.

ह्या सगळ्यावर नजर अँथनीची. ह्यांच्याच वयाचा, चौथीपर्यंत ह्यांच्या शेजारी बसून शिकलेला. प्रत्येक उधाणानंतर बांध चालून यायचा आणि बीळ दिसलं की टाचेनं चिखल दाबायचा. त्याला कोणी नेमलं नव्हतं, त्याचा बाप करायचा म्हणून तो करायचा.

निवडून आल्यावर ह्यांची पहिली सभा शाळेच्या पटांगणात झाली. हे उभे राहिले आणि म्हणाले, "स्वराज्यात वेठ राहणार नाही. आजवर तुम्हांला चिखलात राबवलं. आता राज्य आपलं आहे. बांध सरकार घालील आणि दगडी घालील. मी अर्ज केला आहे." काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. मीही वाजवल्या.

मागं उभा असलेला अँथनी म्हणाला, "हरेश्वर, ही वेठ नाय रे. कोनी चाबूक घेऊन उभा हाय का आमच्यावर? आपलं भात, आपला बांध."

हे हसले. "तुझी सवय जायला वेळ लागेल, अँथनी."

"माझी जाईल रे. पन पान्याला कोन सांगनार?"

घरी आल्यावर ह्यांची चलबिचल सुरू झाली. म्हणाले, "मंजुरी येईपर्यंत यंदा तरी जाऊन येतो. मी गेलो की बाकीचे येतील." तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, "बोर्डाचे सभासद तुम्ही. परवा साहेबाच्या शेजारी खुर्चीवर बसलात आणि आज कासोटा घालून चिखलात उतरणार? लोक तोंडात शेण घालतील." मला मिरवायचं होतं, दुसरं काय. विहिरीवर बायका मला आधी पाणी भरू द्यायला लागल्या होत्या. माझं ऐकून ते राहिले. भाऊच नाहीत म्हटल्यावर अँथनीच्या घराखेरीज गावातलं कोणीच गेलं नाही.

त्या वर्षी काही झालं नाही. तेच वाईट झालं. पुढच्या वर्षी लोक म्हणाले, बांध तर उभाच आहे की. हे दर पंधरवड्याला इस्त्रीची टोपी घालून कचेरीत जायचे आणि एक नवा कागद घेऊन यायचे. कोणता कागद कोणत्या टेबलावर आहे, ते मला जेवताना सांगायचे. बांधावर अँथनी आणि त्याचा धाकटा भाऊ सायमन, दोघंच. दोन माणसं पाऊण मैल काय सांभाळणार?

बावन्नच्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी बांध फुटला. मी पोहोचले तोवर गुडघाभर वाढलेलं भात पाण्याखाली गेलं होतं. सगळं गाव काठावर उभं. हे पुढं गेले, मागं आले, पुन्हा पुढं गेले. पुढच्या भरत्यांनी भगदाड रुंदावलं आणि खाचरांत मीठ बसलं. आता हे मातीनं बुजायचं नाही, दगडी बांध येईल तेव्हाच, असं सगळ्यांनी धरलं आणि वाट बघत बसले.

भाताची आशा सुटली तशी माणसं आमच्या ओटीवर यायला लागली. "भाऊ, मुंबईत कुठं चिकटवा." तुरुंगातले ह्यांचे सोबती एव्हाना मोठे झाले होते, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. हे चिठ्ठी द्यायचे आणि आठ दिवसांत माणूस लागायचा. तीन वर्षांत तेवीस चिठ्ठ्या दिल्या, तेविसांनाही नोकरी लागली. ह्यांना बिचाऱ्यांना आनंद व्हायचा. आपल्या हातून काहीतरी होतंय, असं त्यांना वाटायचं. मी चहा करत होते, मला तरी कुठं कळलं?

एक दिवस अँथनीच सायमनला घेऊन आला. बाकावर न बसता पायरीवर बसला. "ह्याला चिठ्ठी दे," म्हणाला.

हे म्हणाले, "सायमन गेला तर बांधावर तुझ्याबरोबर कोण?"

"कसला बांध?" अँथनी म्हणाला. रागानं नाही, सहज विचारावं तसं. चहा पिऊन, मला "येतो, वैनी" म्हणून गेला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते. ह्यांनी चिठ्ठी लिहिली, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

सत्तावन्नच्या माघात मंजुरी आली. हे ओटीवर उभं राहून मोठ्यानं वाचायला लागले. दगडी बांध, पाण्यासाठी लोखंडी दारं, सगळं होतं. शेवटचा परिच्छेद मात्र असा होता. पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांनी श्रमदानानं भगदाड मातीनं भरून द्यावं, त्यावर सरकार दगड चढवील. न भरल्यास मंजुरी रद्द समजावी. त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि खाली बसले. म्हणाले, "घरटी एक माणूस लागेल."

निवडणुकीनंतर आठ वर्षांनी ते पुन्हा घरोघर फिरले. दारात बायका; त्या तेविसांनी पुढं आपापल्या भाऊबंदांनाही मुंबईला ओढून नेलं होतं. ख्रिस्ती आळीतली इनेझ नवऱ्याबद्दल म्हणाली, "भाऊ, रजा नाय मिलत त्यांना. तुमीच लावलंत ना तिथं, तुमीच साहेबाला सांगा." टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं की भाऊ सांगतील आणि रजा मिळेल. ह्यांनी तेवीस पत्रं लिहिली. दोघं आले.

वैशाखाच्या अमावास्येला सत्तर घरांतून चौदा माणसं जमली, त्यात पाच बायका आणि बाकी बहुतेक म्हातारे. मी लुगडं वर खोचून उतरले. कोणी हसलं नाही. जिथून चिखल काढायचा तिथून भगदाडापर्यंत रांगेला चाळीस माणसं लागतात, म्हणून घमेलं घेऊन आम्ही पळत होतो. ओहोटीला भरलेलं भरतीला वाहून जायचं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत एकेक जण दमून वर जाऊन बसला.

हे भगदाडात कमरेपर्यंत उभे होते. टोपी कुठं गेली होती कोणास ठाऊक. हातांनी चिखल थापत होते.

अँथनी काठावरून म्हणाला, "हरेश्वर, वर ये. भरती लागली."

"अजून दहा घमेली बसतील," हे म्हणाले. "दे इकडं."

"देनार कोन?"

त्यांनी मागं वळून पाहिलं. मागं मी होते, रिकामं घमेलं घेऊन. माझ्या मागं कोणी नव्हतं.