मागे न धावणारा डॅरा

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. चार माणसं दर शनिवारी एका जागी बसली आणि ज्यातलं आपल्याला फारसं कळत नाही अशा गोष्टीवर तावातावाने भांडली, की ते आपोआप साचतात. आमचे साचले परदेशात, सँट्री नावाच्या उपनगरात, ब्रीडाच्या मागच्या अंगणात, २०२१च्या उन्हाळ्यात.

ब्रीडा माझी शेजारीण. तिचा एकुलता एक मुलगा डॅरा पाच वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला तिकडे गेला आणि स्टार झाला. गोल करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण चेंडू समोरच्या टीमकडे गेला, की मागे धावून त्यांना अडवायचं असतं, हे त्याच्या गावीही नाही!

नंदा, माझी बायको, आदल्या हिवाळ्यात आजारपणात गेली होती. शनिवारची सकाळ मला घरात बसू देत नसे. अर्धी भरलेली पिशवी घेऊन मी तीन-तीनदा कचरा टाकायला जायचो. चौथ्या फेरीला ब्रीडा कुंपणावरून म्हणाली, "साडेदहाला त्याची मॅच आहे. खुर्ची तुझी तू आण."

तेव्हा कोरोनामुळे दुसऱ्याच्या घरात जायला बंदी होती, अंगणात बसायला परवानगी. तिने टीव्ही किचनच्या खिडकीत ठेवून तोंड बाहेर वळवलं होतं. आम्ही कानटोप्या घालून, अंतर ठेवून बसलो. जुलैमध्ये!

*

समोरच्या घरातले आशुतोष आणि मेधा हळूहळू यायला लागले. सोबत आशुतोषची आई. काकू नागपूरहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्याने वर्ष उलटलं तरी इथेच अडकलेल्या.

पहिल्या दिवशी आशुतोषने त्यांना खेळ समजावला. मैदान अंडाकृती, चेंडू अंडाकृती, दोन्हीकडे अठरा-अठरा जण आणि गोलकीपर नाहीच. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग टीव्हीकडे बोट दाखवलं. डॅराची सगळी टीम जिवाच्या आकांताने मागे पळत होती आणि डॅरा कंबरेवर हात ठेवून उभा होता.

"हा पोट्टा काहून उभा हाय?"

टीव्हीवरचा कॉमेंटेटरही नेमकं तेच विचारत होता!

*

काकू काय म्हणाल्या, असं ब्रीडा दर पाच मिनिटांनी मला विचारायची. आता मुलाच्या आईसमोर काय सांगणार?

"म्हणतात, मुलगा उंच आहे."

ब्रीडा खूश. पुढच्या शनिवारी काकूंसाठी घरी भाजलेला ब्राउन ब्रेड आला. काकूंनी एक तुकडा चावला, बराच वेळ चावत राहिल्या, आणि मग मराठीत जे बोलल्या त्याचंही भाषांतर मी "मुलगा उंच आहे" असंच केलं.

*

ब्रीडाचा मॅचवरचा अभिप्राय एकच, "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. डॅराने गोल केला, ग्रँड. हुकवला, ग्रँड. दोघांनी मिळून त्याला मैदानाबाहेर फेकला, तरीही ग्रँड.

"काका, नीट ऐका," मेधा मला हळूच म्हणाली. "आखूड ग्रँड म्हणजे बरं चाललंय. लांब ग्रँड म्हणजे काळजी. आणि ग्रँड म्हणून ती केटल लावायला उठली, तर समजायचं संपलं!"

मेधा पुण्याची आहे. न बोललेलं ऐकू येण्याची तिला सवय आहे.

*

मोठा वाद ऑगस्टमध्ये झाला. आशुतोष डॅराच्या बाजूने. "गोल करणं हे त्याचं काम आहे. सर्व्हर पडला म्हणून आपण डिझायनरला उठवतो का?"

मेधा म्हणाली, "तू सकाळी चहा करतोस. फार छान करतोस. गाळणं कोण धुतं?"

"त्याचा इथे काय संबंध?"

काकू मध्येच म्हणाल्या, "सून बराबर बोलून रायली."

आशुतोषने तिथल्या तिथे पक्ष बदलला! आणि पक्ष बदललेल्या माणसाइतका कडवा कोणी नसतो. पुढच्या शनिवारी तो तक्ता घेऊनच आला. रकाने चार: चेंडू गेला, डॅरा धावला, डॅरा चालला, डॅराने केस सारखे केले.

चौथा रकाना सगळ्यात आधी भरला.

*

एकदा मीही बोललो. आशुतोष म्हणत होता, "धावला असता तर तो गोल वाचला असता. सरळ हिशेब आहे."

"धावलं की वाचतंच असं नाही," मी म्हणालो.

माझा आवाज जरा चढला असावा. मी उगाच उठून खुर्ची सरकवली, पुन्हा होती तिथेच ठेवली.

काकू म्हणाल्या, "बसा. थर्मासमधला चहा निवून जाईल."

*

ऑगस्टच्या शेवटी ब्रीडाने कुंपणापाशी मला खरी गोष्ट सांगितली. डॅराच्या कोचने त्याला स्पष्ट बजावलं होतं: मागे धावायला लाग, नाहीतर सीझन संपल्यावर करार संपला, घरी जा. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. तिला तिकडे जाता येत नव्हतं, त्याला सुट्टीवर येता येत नव्हतं. दोन वर्षं तिने त्याला फक्त खिडकीतल्या टीव्हीत पाहिलं होतं.

मी हे बाकीच्यांना सांगितलं. त्यानंतर आमच्या अंगणातला नूरच बदलला. पोराचं करिअर पणाला! डॅरा चार पावलं मागे चालला तरी आम्ही टाळ्या वाजवायला लागलो. काकूंनी संकष्टीला त्याचं नाव घेतलं.

*

आणि मग ब्रीडाने तक्ता मागितला.

शेवटच्या मॅचच्या आधीचा शनिवार. "तो मुलगा दर वेळी काहीतरी लिहीत असतो ना? आतापर्यंतचं सगळं दे मला," ती म्हणाली.

आशुतोष पांढरा पडला. खरे आकडे भीषण होते. "छापून आणतो हं," म्हणून तो घरी पळाला, मागोमाग आम्ही. लॅपटॉप उघडून तो बाहेर पायरीवर बसला.

"खोटा डेटा नाही द्यायचा, आई. माझं तत्त्व आहे."

"माय हाय ते," काकू म्हणाल्या. "मायसमोर लेकराचं वाईट नसते सांगत. आकडा वाढव."

"किती?"

"सढळ हातानं वाढव."

मेधाने केसांचा रकाना उडवला. मी शेवटी एक ओळ घालायला लावली, 'उल्लेखनीय सुधारणा'. इंग्रजीत, ठळक अक्षरांत.

ब्रीडाने चष्मा लावला आणि कागद वाचला. एकदा वरून खाली, मग बोट ठेवून एकेक ओळ. आम्ही चौघं परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे उभे.

"बराच धावायला लागलाय म्हणजे," ती म्हणाली.

"प्रचंड!" आशुतोष म्हणाला. "आता काही त्याला सोडत नाहीत. नक्की ठेवून घेणार!"

तिने कागदाची घडी घातली. आणखी एक घातली.

"ग्रँड," ती म्हणाली आणि केटल लावायला उठली. दाराशी थांबून, आमच्याकडे न वळता म्हणाली,

"त्याची खोली रंगवून घेतली होती मी."